आधी चाचपून घेतो

मिलिंद गेल्याची बातमी मला मिळाली तेव्हा माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत गटारात होता. हे मी विनोद म्हणून सांगत नाही. विनोद म्हणून सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. महाडच्या बाजारपेठेत त्या दिवशी पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं, म्हणजे आमच्याकडे ज्याला कोणी पूर म्हणणार नाही एवढंच. पावसाची सर थोडी थांबली होती. दुकान बंद करून मी घरी निघालो होतो, फोन वाजला म्हणून हातातली छत्री मिटल्या मिटल्या काखेत मारली, खिशातून फोन काढला, आणि ‘हॅलो’ म्हणता म्हणता पुढचं पाऊल टाकलं ते नेमकं गटाराची फरशी निघालेली होती तिथे. पलीकडून दळवी सर म्हणाले, "अजित, मिलिंद गेला." मी म्हणालो, "कुठे?" एक पाय रस्त्यावर, एक पाय खाली, असा मी बराच वेळ उभा होतो. भांड्यांच्या दुकानातला पोऱ्या विचारत होता, काका, हात देऊ का. काखेतली ती छत्री मिलिंदचीच होती. साचलेल्या पाण्यातून जाताना छत्री काखेत मारायची नसते, तिचं टोक पुढे टेकवत चालायचं असतं, हेही त्यानेच शिकवलेलं. त्याच्याकडून मी नीट शिकलेली ही बहुधा एकच गोष्ट, आणि तीही मी नेमकी त्या दिवशी विसरलो.

मिलिंद पोलादपूरला सरकारी कचेरीत कारकून होता. मूळ घर आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत, राहायला महाडात, माझ्या दुकानामागच्या चाळीत. माझं दुकान झेरॉक्सचं आणि लग्नपत्रिकांचं. त्याआधी मी पुण्यात एका कंपनीत होतो. कंपनीने मला फार प्रेमाने काढलं, निरोपाला केकसुद्धा कापला, आणि तिथून येताना मी दोनच गोष्टी बरोबर आणल्या : ॲसिडिटी, आणि सहकाऱ्यांच्यात शिकलेला एक खेळ. मिलिंद कसल्यातरी दाखल्याची प्रत काढायला आला आणि गल्ल्याजवळ पडलेला वीस बाजूंचा फासा उचलून त्याने उजेडात धरला. हे काय हाय, म्हणाला. मी समजावायला लागलो. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, एक म्हातारे गृहस्थ रागावून निघून गेले, आणि तरी आम्ही दोघं बोलतच होतो. धंदा मला कधी जमला नाही तो असा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात पट नसतो, सोंगट्या नावापुरत्या. एकजण सूत्रधार असतो, तो सांगतो की तुम्ही एका भुयारात शिरला आहात, समोर दगडी दार आहे, पलीकडून पाणी ठिबकल्यासारखा आवाज येतोय. बाकीचे आपापलं सोंग घेऊन सांगतात की आम्ही आता काय करतो. जमेल की नाही अशी शंका असेल तर फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, फक्त गोष्ट पुढे जाते. आमच्यात सूत्रधार मी. दळवी सर निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी योद्ध्याचं सोंग घेतलं, कारण नोकरीतली शेवटची काही वर्षं पोरांवर हात उचलायची बंदी होती आणि तो सगळा हात त्यांच्यात शिल्लक राहिला होता. इम्रान औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात केमिस्ट. तो मांत्रिक झाला. आणि मिलिंदने निवडला भामटा. भामटा म्हणजे कुलपं उघडणारा, सावलीतून चालणारा, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन सापळे शोधणारा. का रे बाबा, असं मी विचारलं तर म्हणाला, "कचेरीत येणारा प्रत्येकजण मला मनातल्या मनात चोर म्हणतोच. एकदा उघड होऊन बघतो."

सापळा शोधण्याची रीत अशी, की भामट्याने म्हणायचं, मी बघतो. सूत्रधाराने फासा टाकायला सांगायचा. आकडा चांगला आला तर सांगायचं, हां, कडीत विषारी सुई आहे. आकडा लहान आला तर सांगायचं, काही सापडत नाही. यातली मेख मिलिंदला पहिल्याच रविवारी कळली. फासा टेबलावर सगळ्यांसमोर पडला, आकडा आला तीन, मी म्हणालो, काही सापडत नाही. तो शांतपणे म्हणाला, तीन आलाय म्हणजे माझी नजर चुकली असणार, तेव्हा मी परत बघतो. परत चार आला. मग परत. दळवी सर दार फोडायला टपलेले, इम्रानची दुसरी पाळी लागायची वेळ झालेली, आणि हा आपला बघतोय. म्हणून मी पुढच्या खेपेपासून त्याचा फासा स्वतः टाकायला लागलो, लग्नपत्रिकांच्या खोक्याचं झाकण उभं करून त्याच्या आड. त्या झाकणावर सोनेरी गणपती होता. आता आकडा मलाच दिसायचा. मी म्हणालो ‘काही सापडत नाही’, तर त्याचा अर्थ काहीच नाही असाही असेल, किंवा आहे पण तुला दिसलं नाही असाही असेल. भामट्याने त्या दोन्हींच्या मधे उभं राहायचं. या युक्तीवर मी भलताच खूश होतो.

माझी खुशी टिकली पण तेवढीच. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की झाकणाआड आकडा काहीही येवो, सापळ्याच्या दारापुढे मिलिंद थांबतो आणि साध्या दारातून शीळ घालत जातो. मला वाटलं झाकणाला भोक आहे. मी ते चिकटपट्टीने बंद केलं. मग वाटलं चष्म्यात दिसत असेल, चष्मा काढला, तर मला आकडाच दिसेना आणि सहाचा नऊ वाचून मी दळवी सरांना उगाच मारून टाकलं. शेवटी इम्रानला दया आली. तो म्हणाला, अजितभाई, खोटं बोलताना तुमच्या कानाची पाळी लाल होते, हा तीच बघत बसतो, दाराकडे बघतच नाही. पुढच्या रविवारी मी कानटोपी घालून बसलो. एप्रिल महिना, महाडचा उकाडा, आणि मी कानटोपीत. मिलिंदने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "ज्या अर्थी टोपी घातलीय त्या अर्थी पयल्याच दाराला हाय." होतं.

पण तो नुसता माझ्या कानावर जगत होता असं नव्हे. त्याच्या चाचपण्याला एक शिस्त होती. दारापुढे आलो की त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, ‘आधी चाचपून घेतो’. मग जमिनीवर पाणी ओतायचा आणि विचारायचा, कुठं मुरतं? फटीवर तांदळाचं पीठ उधळायचा आणि विचारायचा, कुठं उडतं? लांब काठी पुढे टेकवायचा. एकदा तर मी एका दारात काहीच ठेवलं नव्हतं, आणि त्याने त्याच्यावर एवढे कष्ट घेतले, एवढं पाणी ओतलं, की मला लाज वाटून मी ऐनवेळी तिथे एक सापळा घातला. त्याला तो सापडला. तो इतका खूश झाला की खरं सांगायचं मला कधी धाडस झालं नाही, आणि आता ज्याला सांगायचं तोच नाही.

ही शिस्त त्याने कुठून आणली ते मला एका पुराच्या दिवशी कळलं. आम्ही चौघं दुकानाच्या पोटमाळ्यावर खेळत होतो आणि खाली नदी कधी बाजारात आली ते कळलंच नाही. उतरून बघतो तर रस्ता नाही, नुसतं गढूळ पाणी, मांडीच्या खाली. दळवी सरांनी सवयीने पुढे व्हायला पाऊल उचललं. मिलिंदने त्यांच्या सदऱ्याला मागून धरलं. "सर, तुमी मागं." त्याने आपली लांब दांड्याची काळी छत्री मिटली आणि टोक खाली घालत पुढे झाला. त्याच्या मागे सर, मागे इम्रान, शेवटी मी, डोक्यावर फाशांची पिशवी धरून, जणू बुडालेल्या महाडात तेवढंच वाचवायचं होतं. चालता चालता तो मागे न बघता सांगत होता, की टोकाला काय लागलं तर पाय टाकायचा. काय लागलं नाय, तर तिथं पाय टाकायचा नाय. त्याच्या वाडीत लहानपणापासून सगळे असेच चालायचे, ओढ्यातून, कोसळलेल्या दरडीच्या चिखलातून. आम्हाला त्याने सरांच्या घराच्या पायऱ्यांपर्यंत कोरड्या नाही पण धड अंगाने आणून सोडलं. पायरीवर उभं राहून इम्रान म्हणाला, भुयारापेक्षा हे सोपं होतं. मिलिंद म्हणाला, असणारच, इथं अज्या नाय ना सापळे लावायला.

त्याचं पोट दुखायला लागलं ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. इथे तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. औषधं झाली, वजन उतरत गेलं, परत तपासण्या झाल्या, परत काही सापडलं नाही. मी आपला म्हणालो, बघ, नाही ना काही, उगाच घाबरतोस. तो गल्ल्यावर कोपर टेकून हसला. "नाय सापडलं म्हणजे नाय, असं कधीपासून झालं रे? तूच झाकण लावून शिकवलंस ना." मी त्याला चहा पाजला. मला दुसरं काही येत नाही.

मग मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे सापडलं. तोवर ते कुठे कुठे पसरलं होतं. ती दोघं परत आली तेव्हा मी रिक्षा घेऊन वीर स्टेशनवर गेलो होतो. मिलिंद फलाटावरच्या नळावर तोंड धुवायला गेला, आणि तेवढ्या वेळात त्याच्या बायकोने, सुजाता वहिनींनी, मला सांगितलं. डॉक्टरांनी फक्त त्यांनाच बोलावून सांगितलं होतं, काही महिने. ह्यांना सांगू नका, वहिनी म्हणाल्या. त्यांना ‘अल्सर आहे, वेळ लागेल’ एवढंच माहीत आहे. जे राहिलेत ते दिवस तरी त्यांनी भीतीशिवाय काढावेत, एवढंच मला हवंय. आमच्या भागात घरोघर असंच करतात. मीही माझ्या काकांच्या वेळी केलेलं. मी मान हलवली. वहिनींनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही काही दिवस येऊ नका. तुमचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे." मिलिंद तोंड पुसत परत आला. मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडायला लागलो, म्हणजे त्याच्याकडे बघायला नको. भाडं आधीच ठरलेलं होतं. रिक्षावाल्याला काही कळेना.

मी गेलो नाही. सीझन आहे, पत्रिकांची कामं आहेत, असं सांगत राहिलो. ती दोघं वाडीवरच्या घरी राहायला गेली, हवा चांगली म्हणून. दरम्यान मी दुकानातल्या आरशासमोर चेहऱ्याचा सराव करत होतो. एका गिऱ्हाइकाने विचारलं, दाढ दुखते का. शेवटी मिलिंदचाच फोन आला. तुमी मला एका दारापुढं उभं करून ठेवलंय आणि खाली बसायची पण सोय नाय, म्हणाला, या रविवारी या सगळे.

आम्ही तिघं इम्रानच्या गाडीतून गेलो. आंब्याचे दिवस होते. मिलिंद पडवीत रचलेल्या गोधड्यांना टेकून बसला होता, आणि त्याच्या सदऱ्यात दोन मिलिंद मावले असते. वहिनी उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या. मी झाकण उभं केलं, सोनेरी गणपती त्यांच्या बाजूला. भुयार, दगडी दार, पाण्याचा आवाज. मिलिंदची खूण म्हणून आम्ही शर्टाचं एक काळं बटण ठेवायचो, ते मी दारापुढे ठेवलं. त्याने पाणी मागितलं नाही, पीठ मागितलं नाही. आधी चाचपून घेतो, एवढं म्हणाला, आणि सरळ माझ्याकडे बघायला लागला.

मी झाकणाआड फासा टाकला. वीस. वीसच्या वर आकडा नाही. वीस पडले की भामट्यापासून काहीही लपत नाही, हा खेळाचा नियमच आहे. त्या दाराच्या कडीत सुई होती, मीच ठेवलेली. ‘सापडलं’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता, खेळातला, दगडी दाराबद्दलचा. पण समोर तो बसलेला, बाजूला त्या बसलेल्या, आणि तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणालो, काही सापडत नाही.

सुपाचा आवाज थांबला होता. मिलिंद माझ्याकडे बघत राहिला... मग त्याने मान वळवली आणि अगदी सहज म्हणाला, "ऐकलंस का गो? काय नाय. साफ हाय." वहिनी हसल्या. सूप परत हलायला लागलं. दळवी सर म्हणाले, मग उघड की दार. तो म्हणाला, आज नको, दमलो, पुढच्या रविवारी उघडू.

निघताना सर आणि इम्रान गाडीकडे गेले, वहिनी आमच्यासाठी आंबे काढायला आत गेल्या. मिलिंद खांबाला धरून उभा राहिला. "पाळी लाल झालीय तुझी," तो म्हणाला. मी कानाला हात लावला. "वीस पडलेला ना?" मी मान हलवली. "मग मला सापडलं." तो थोडा वेळ समोरच्या डोंगराकडे बघत होता. "तिला सांगू नको, मला सापडलंय म्हणून. तेवढ्यावर उभी हाय ती." अशा वेळी माणूस काहीतरी बोलतो. लोक एकमेकांच्या खांद्यावर हात तरी ठेवतात. मी म्हणालो, "तुझी छत्री दे, वाटेत पाऊस लागेल." आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मिलिंद मोठ्याने हसला, खूप दिवसांनी असणार, कारण आतून वहिनीही बघायला बाहेर आल्या. खुंटीवरची छत्री काढून त्याने मला दिली.

त्यानंतरचे महिने मी कसे सांगू. खेळात सूत्रधाराला सगळं माहीत असतं म्हणून मजा असते. मिलिंदचा फोन यायचा, वहिनी विहिरीवर गेल्या की. म्हणायचा, तिला विचारायचं होतं, मागाहून ती इथं वाडीवर राहील की भावाकडं जाईल. विचारलं तर तिला कळेल. राहू दे. वहिनींचा फोन यायचा, तो झोपला की. म्हणायच्या, भावजी, त्यांच्या मनात काही राहिलंय का ते विचारावंसं वाटतं हो, पण विचारलं तर कळेल ना त्यांना. राहू दे. दोघांचेही फासे माझ्या झाकणाआड पडलेले. मी दोघांनाही ‘हो, राहू दे’ म्हणायचो. एकाचा प्रश्न सोडवायचा तर दुसऱ्याला दिलेलं वचन मोडावं लागलं असतं, म्हणून मी दोन्ही पाळली. ती दोघं एका पडवीत, हाताच्या अंतरावर, एकमेकांना सांभाळत बसली होती आणि अल्सरबद्दल बोलत होती. पुढचा रविवार आला नाही. दुखणं वाढलं, मग पाऊस लागला, मग सरांचा फोन.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, वाडीतली माणसं पांगली. मी पडवीत खुर्च्या एकात एक घालत होतो. चुकीच्या घालत होतो, त्या अडकत होत्या. वहिनी येऊन उंबऱ्याशी बसल्या आणि म्हणाल्या, शेवटपर्यंत कळू दिलं नाही त्यांना, तेवढं एक जमलं. मी खुर्चीत डोकं घातलं. वर बघितलं तर त्या माझ्या कानाकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हणालो, "आंबे होते तेव्हापासून." मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही दोघं..." आणि पुढचं वाक्य त्यांनी केलंच नाही. अजूनही केलेलं नाही. हे लिहू का, असं विचारायला मी गेलो तेव्हा म्हणाल्या, लिहा, आता कोणापासून लपवायचं.

गेल्या रविवारी आम्ही तिघं पोटमाळ्यावर बसलो. बटण दारापुढे होतं तिथेच ठेवलं. सर म्हणाले, आता मी चाचपतो. मी झाकण उभं केलं नाही, फासा उघड्यावर टाकला. आकडा काय आला ते सांगायचं कारण नाही, कारण कोणी बघितलाच नाही. इम्रान खिडकीबाहेर बघत होता. माझ्या तोंडाकडेही कोणी बघत नव्हतं; कान लाल झाला होता की नाही, मला माहीत नाही. सरांनी दार फोडू असंही म्हटलं नाही. बटण तिथेच आहे.

छत्री दुकानात गल्ल्यामागे असते. तिचं टोक झिजून बोथट झालंय. या आठवड्यात बाजारात परत पाणी चढलं, गुडघ्यापर्यंत, तेव्हा मी ती घेऊन निघालो, या वेळी फोन खिशात बंद करून, टोक पुढे टेकवत, अगदी शिकवल्याप्रमाणे. भांड्यांच्या दुकानापाशी आलो आणि टोक खाली घातलं. काही लागलं नाही. अजून थोडं खाली घातलं. मूठ पाण्याला टेकली, तरी काही लागलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, काका, चला ना पुढे. मी तिथेच उभा होतो.